दगडाला धरून राहणारा मासा



वऱ्हाडातल्या माणसाने माशांविषयी बोलावे, हे कोकणातल्या मंडळींना जरा आगाऊपणाचे वाटेल. आमचा बुलढाणा जिल्हा ओळखला जातो तो कापसासाठी, लोणारच्या सरोवरासाठी, शेगावच्या गजानन महाराजांसाठी आणि सिंदखेडराजाच्या जिजाऊंसाठी. समुद्र इथून लांब, आणि बारमाही म्हणावी अशी नदीही शोधूनच सापडायची. शिवाय मी प्राणिशास्त्राचा माणूस नव्हे. मी महाविद्यालयात भूगोल शिकवतो. परंतु आज ज्या माशाविषयी बोलायचे आहे, तो मासा जितका प्राणिशास्त्राचा तितकाच भूगोलाचाही विषय आहे. कसा, ते बोलण्याच्या ओघात येईलच.

प्रथम त्याची गाठ कुठे पडते ते सांगतो. जिल्ह्याच्या उत्तर टोकाला जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे दोन तालुके सातपुड्याच्या पायथ्याला टेकून बसलेले आहेत. तिथे अंबाबरवाचे अभयारण्य आहे, वान नदी आहे आणि डोंगरातून खाली येणारे कितीतरी लहानमोठे ओढे आहेत. पाऊस ओसरला, गढूळ पाणी निवळले, की कार्तिक-मार्गशीर्षात अशा एखाद्या ओढ्याच्या खळाळापाशी जाऊन बसावे. बोलू नये, सावली पाण्यावर पडू देऊ नये. पहिली पाच मिनिटे आपल्याला धोंडे आणि फेस यांखेरीज काही दिसत नाही. मग नजर बसली की एखाद्या धोंड्यावरचा काळसर डाग जागचा हलतो, वीतभर पुढे सरकतो आणि पुन्हा धोंड्याला चिकटतो. पाणी असे धावत असते की आपण पाय टाकला तर पाय सरकावा. हा बोटभर जीव मात्र तिथे तोंड वर प्रवाहाकडे करून स्वस्थ बसलेला असतो. तोच आपला मासा.

शास्त्रात याच्या गणाला गारा म्हणतात आणि आपल्या दख्खनभर आढळणाऱ्या जातीला गारा मुल्या. हे ‘मुल्या’ म्हणजे लॅटिन नव्हे बरे का, आपलेच मराठी नाव आहे. त्याची हकिकत पुढे येईल. हिमालयाच्या बाजूला, कुमाऊं-गढवालकडे, याच्या भावंडांना पत्थरचट्टा म्हणतात. दगड चाटणारा तो पत्थरचट्टा. एका शब्दात त्याचा सगळा संसार आला.

मासा लहानच. सहसा आठ-दहा सेंटिमीटरचा, आणि पुष्कळ वाढला तरी वीतभर होत नाही. अंग लांबोळके. पाठ गोलसर आणि पोट मात्र कोणी रंध्याने तासून काढावे तसे सपाट. रंग धोंड्याचाच, म्हणजे हिरवट काळा. बाजूने एक अंधुक गडद पट्टा आणि कल्ल्याजवळ एक ठिपका. डोळे बाजूला असण्याऐवजी वरच्या अंगाला सरकलेले, कारण खालून याच्यावर कोणी चालून येण्याचा संभवच नाही. शत्रू येईल तो वरून. खालच्या अंगाचे पंख आडवे पसरलेले. पुष्कळ माशांचे तोंड समोर असते. याचे तोंड मुस्कटाच्या खाली, चंद्रकोरीसारखे. आणि या तोंडाच्या मागे, हनुवटीवर म्हणा ना, एक गोल मांसल चकती असते. तिची मागची कड सुटी, आणि मध्ये एक घट्ट गादी. ही चकती म्हणजे खालच्या ओठाचेच झालेले रूपांतर.

ओठाची चकती का व्हावी? तर दगड धरायला. पण धरते कशी, हे पाहण्यासारखे आहे. स्नानगृहाच्या फरशीला चिकटणारी रबरी वाटी आपण पाहिली असेल. वाटी दाबली की आतली हवा बाहेर जाते आणि बाहेरची हवा तिला फरशीवर दाबून धरते. आपला मासा चकती दगडावर टेकवतो आणि मधली गादी स्नायूंनी किंचित वर ओढतो. आत दाब कमी झाला की भोवतालचे पाणीच त्याला दगडावर दाबते. जळू हेच करते. पाल भिंतीला चिकटते ती मात्र या युक्तीने नव्हे. आणि तानाजीच्या यशवंती घोरपडीची कथा खरी असो नसो, घोरपड धरते ती नखांनी. प्रत्येकाचा प्रकार वेगळा.

मात्र एवढ्यावर भागत नाही. रबरी वाटी गुळगुळीत फरशीला धरते, खडबडीत भिंतीवर टिकत नाही. ओढ्यातले धोंडे काही फरशीसारखे नसतात. आपल्या डोंगरातील दगड काळा बेसाल्ट, म्हणजे आपण काळा फत्तर म्हणतो तो. त्याला भोके, खरवडे, सारे काही असते. मग? डोंगरी प्रवाहांतील माशांचा आयुष्यभर अभ्यास केलेले डॉ. सुंदरलाल होरा यांनी या गोष्टीकडे फार बारकाईने पाहिले. त्यांचे म्हणणे असे की अशा माशांच्या बाबतीत केवळ पोकळीचे चोषण हे पुरेसे कारण नव्हे, घर्षणालाही तितकेच महत्त्व द्यावे लागते. सूक्ष्मदर्शकाखाली ओठांवर आणि चकतीवर बारीक बारीक शिंगी टोके दिसतात. आपल्या नखांचा पदार्थ तोच यांचा. ही टोके दगडाच्या खडबडीतपणात रुततात. पोकळी जिथे कमी पडते तिथे ही टोके उपयोगी पडतात.

आणि तिसरी गोष्ट खास भौतिकशास्त्राची आहे. वादळी वाऱ्यात माळावर उभा असलेला माणूस डगमगतो, पण तोच जमिनीवर पालथा पडला तर वारा अंगावरून जातो. जमिनीलगत वारा मंद असतो. पाण्याचेही तेच. प्रवाह वर कितीही वेगाने धावत असला तरी दगडाच्या अगदी अंगाशी पाण्याचा एक पातळ थर असा असतो, की त्यात वेग फार थोडा. सपाट पोटाचा मासा त्या थरात अंग चोरून बसतो. शिवाय आडवे पसरलेले पंख आणि उतरती पाठ यांची ठेवण अशी, की वरून जाणारे पाणी त्याला उचलत नाही, उलट खाली दाबते. जो प्रवाह त्याला वाहून न्यायला आला, त्याच प्रवाहाला त्याने आपल्या पाठीवर वजन म्हणून ठेवून घेतले.

दुसऱ्या माशांच्या पोटात हवेची पिशवी चांगली मोठी असते. तिच्यामुळे ते पाण्यात तरंगत राहतात. याची पिशवी लहान झालेली. डोहातल्या माशाला तरंगायचे असते, याला तर बुडून राहायचे आहे. डोहात जे सोयीचे, ते खळाळात अडचणीचे.

आता खातो काय? दगडावरची साय. धोंड्यावर हाताला बुळबुळीत लागणारा जो थर असतो, त्यात हिरवे शेवाळ असते, डायाटम नावाच्या काचेच्या डबीसारख्या सूक्ष्म वनस्पती असतात, आणि त्यांच्यात राहणारे बारीकसारीक जीव असतात. हा मासा ओठाच्या धारेने ती साय खरवडून काढतो. जिथे हे मासे चरतात तिथल्या धोंड्यांवर शेवाळात स्वच्छ पट्टे दिसतात, एखाद्याने विळ्याने गवत कापीत जावे तसे. मासा दिसला नाही तरी पट्ट्यांवरून त्याचा वावर ओळखता येतो. अन्न असे पालेभाजीच्या वळणाचे असल्यामुळे आतडेही लांबलचक, पोटात वेटोळे घालून बसलेले. गाईचे आतडे वाघाच्या आतड्याहून लांब असते ते ज्या कारणाने, त्याच कारणाने.

याचा एक परिणाम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. साय यायला ऊन हवे, म्हणजे पाणी स्वच्छ आणि उथळ हवे. धोंड्यावर गाळ बसला की साय मरते. गाळाच्या थराला चकतीही धरत नाही. तेव्हा या माशाला ज्या चार गोष्टी लागतात त्या अशा: धोंडा, धावते पाणी, उजेड आणि निर्मळपणा. चारांतली एक गेली की उरलेल्या तीन असून उपयोग नाही. धावत्या, थंड पाण्यात प्राणवायू विपुल मिसळलेला असतो, त्याची याला सवय. चैत्र-वैशाखात ओढा तुटतो, मध्ये मध्ये डबकी उरतात, तेव्हा हे मासे खोल डोहांत, धोंड्यांच्या कपारींत गोळा होतात. उन्हाळ्याचे ते दोन-तीन महिने त्यांच्या कसोटीचे. मृगाचा पाऊस पडून ओढा पुन्हा वाहता झाला की ते पांगतात, आणि वीणही पावसाळ्यातच. त्या सुमारास नराच्या मुस्कटावर बारीक खडबडीत पुटकुळ्या उठतात. या गणातल्या काही जाती तर धबधब्याच्या बाजूच्या ओल्या कातळावरून सरपटत वर चढतात, असे निरीक्षण आहे.

नावाची हकिकत सांगतो म्हणालो होतो. विल्यम हेन्री साइक्स नावाचा ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला एक अधिकारी होता. मुंबई सरकारने १८२४ साली त्याला दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमले. गावे, पिके, कर, लोकसंख्या हे मोजता मोजता या गृहस्थाने पक्षी आणि मासेही टिपून घेतले. १८३९ साली दख्खनच्या माशांवरील त्याच्या निबंधाचा गोषवारा लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेने छापला, आणि १८४१ साली चित्रांसह संपूर्ण निबंध निघाला. त्यात त्याने एक मोठी चांगली गोष्ट केली. नव्या जातींना लॅटिन-ग्रीक नावे घडवीत बसण्याऐवजी, भोई-कोळी मंडळी जी नावे सांगत तीच त्याने रोमन लिपीत लिहून शास्त्राला दिली. खुद्री, कोळस, पोटाइल, शिंगटी, वाटाणा, फुलंगी, नुक्ता! उच्चार साहेबी कानाने ऐकलेले, म्हणून थोडे वाकडेतिकडे. पण ओळखू येतात. त्यांतच हा मुल्या. जगातल्या कुठल्याही विद्यापीठात आज या माशाचे नाव घ्यायचे तर दख्खनच्या कुणा अनाम भोयाचा शब्द उच्चारावा लागतो. त्या भोयाचे नाव मात्र साइक्सने लिहून ठेवलेले नाही.

साइक्सने याला युरोपातल्या एका गणात बसवले होते. गारा हे गणनाम त्याआधी, १८२२ साली, गंगेच्या माशांवर लिहिणाऱ्या हॅमिल्टनने दिलेले. पुढे १८७५ नंतर भारतातील माशांवर मोठा ग्रंथ लिहिणाऱ्या फ्रान्सिस डे याने एडनपासून ब्रह्मदेशापर्यंतचे असले सगळे मासे एकाच जातीत घातले, आणि आपला मुल्या त्या ढिगाऱ्यात गडप झाला. त्याला तिथून बाहेर काढले ते होरांनी, १९२१ सालच्या आपल्या निबंधात. नंतर १९६४ साली ए. जी. के. मेनन यांनी या गणावर सविस्तर प्रबंध लिहिला आणि वर्गीकरण पक्के केले.

हे होरा पंजाबातल्या हाफिजाबादचे, जन्म १८९६ चा. भारतीय प्राणिसर्वेक्षण खात्यात शिरले आणि १९४७ साली त्याचे संचालक झाले. १९५५ साली वारले. मणिपूरच्या डोंगरी ओढ्यांपासून त्यांनी सुरुवात केली आणि खळाळत्या पाण्यातले प्राणी हाच आयुष्याचा विषय करून घेतला. १९३० साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांचा जो मोठा निबंध छापला, तो या चिकटून राहण्याच्या इंद्रियांवरच होता.

महाराष्ट्रातही या विषयाचे एक घर आहे. ते म्हणजे नाशिकजवळचे देवळाली. तिथल्या दारणा नदीतले मासे होरांनी आणि त्यांचे सहकारी मिश्र यांनी तपासले, आणि १९३८ साली एका नव्या माशाचे वर्णन केले. त्याचे नाव पॅरासायलोरिंकस प्रेटरी. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे अभिरक्षक प्रेटर यांच्यावरून हे नाव पडले. नाव जिभेला जड आहे खरे. भोयांना विचारले असते तर सोपे मिळाले असते. हा मासाही मुल्याच्याच वळणाचा, डोंगरी पाण्याचा, आणि आज शास्त्रज्ञ त्याच्या गणाला गाराच्या जवळचा नातेवाईक मानतात. याच गणातली एक जात खंडाळ्याच्या ओढ्यातून ॲनंडेल यांनी १९१९ साली उजेडात आणली होती. देवळालीचा हा मासा दारणेखेरीज दुसरीकडून ज्ञात नाही. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेने २०११ च्या सुमारास त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून केली. वाघाच्या नावापुढेही संकटग्रस्त एवढेच लिहिलेले असते. याची पायरी त्याच्याही पुढची. आपल्या राज्यातले किती लोक त्याचे नाव ऐकून आहेत?

साइक्सच्याच यादीत लोनाह नावाचा एक बिनखवल्यांचा मासा आहे, शिंगाड्याच्या जातकुळीचा. तो ओठाने नव्हे तर छातीने दगड धरतो. छातीवर कातडीच्या उभ्या घड्या असतात, त्यांच्या घर्षणाने तो टिकतो. म्हणजे एकाच अडचणीवर दोन वेगळ्या घराण्यांनी दोन वेगळे इलाज काढले. आणि तुर्कस्तानात कांगाल नावाचे ऊन पाण्याचे झरे आहेत, तिथे गाराचीच एक जात राहते. त्या पाण्यात दगडावर साय बेताची असल्याने हे मासे झऱ्यात उतरलेल्या माणसांच्या अंगावरची मेलेली कातडी खरवडतात. कातडीच्या रोगाचे लोक तिथे मुद्दाम जातात. शहरातल्या मोठ्या दुकानांतून पाय बुडवून मासे लावून घेण्याचा जो शौक निघाला, त्याचे मूळ हे. आमच्या ओढ्यातही पाय सोडून बसले तर कुठले ना कुठले मासे येऊन गुदगुल्या करतात, आणि त्याचे पैसे पडत नाहीत.

आता भूगोलाकडे वळतो. गारा हा गण पश्चिम आफ्रिकेपासून चीनपर्यंत पसरलेला आहे. खळाळत्या पाण्याखेरीज जो सुखाने राहत नाही, तो मासा इतक्या लांब गेला कसा? पक्षी उडून जातो. वाघ चालत जातो. २०१९ साली यवतमाळच्या टिपेश्वरमधला एक तरुण वाघ हजारावर किलोमीटर भटकून आमच्या ज्ञानगंगा अभयारण्यात येऊन पोचला, ती बातमी आपण वाचली असेल. माशाला पाण्यावाचून पाऊल टाकता येत नाही, आणि या माशाला तर सपाटीचे संथ, गढूळ पाणीही परकेच.

होरांना हाच प्रश्न आणखी नेमक्या रूपात पडला. आसाम-ब्रह्मदेशाच्या डोंगरातले काही खळाळवासी मासे आणि सह्याद्रीच्या दक्षिण टोकाचे मासे यांच्यात त्यांना फार साम्य दिसले. मधल्या हजारो किलोमीटरांत मात्र ते नाहीत. मग गेले कोणत्या वाटेने? होरांनी उत्तर दिले: सातपुड्याच्या वाटेने. हिमयुगांच्या काळात पाऊसमान जास्त होते, विंध्य-सातपुड्याची रांग आजच्यापेक्षा अधिक सलग आणि उंच होती, राजमहाल आणि गारो टेकड्यांमधली खिंड अशी मोकळी पडलेली नव्हती. तेव्हा एका ओढ्यातून दुसऱ्या ओढ्यात, पिढ्यान्पिढ्या सरकत, हे मासे पश्चिमेला आले आणि मग सह्याद्रीवरून दक्षिणेस उतरले. १९४९ साली या सातपुडा सिद्धांतावर भारतीय शास्त्रज्ञांचा एक परिसंवादच झाला.

विचार करा, सातपुड्याची गाविलगडची रांग आमच्या जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर उभी आहे. समोर, दक्षिणेला, अजिंठ्याची रांग. राजूर घाटाच्या माथ्यावरून स्वच्छ दिवशी उत्तरेकडे पाहिले तर मध्ये पूर्णेचे पन्नास-साठ किलोमीटर रुंद सपाट खोरे पसरलेले दिसते. होरांचे म्हणणे खरे असेल, तर वाट जवळपास आमच्या दारावरून गेली असे म्हणावे लागते. विद्यार्थ्यांना हे सांगितले की त्यांचे डोळे चमकतात. मात्र आज हा सिद्धांत जसाच्या तसा कोणी स्वीकारीत नाही, हेही मी त्यांना लगेच सांगतो. होरांना फक्त बाह्य रूप तपासता येत होते. हल्ली डी.एन.ए.वरून नाते काढतात. त्यात असे दिसते की ज्यांना आपण भाऊ समजत होतो त्यांतले काही नुसतेच एकमेकांसारखे दिसणारे निघाले. एकाच तऱ्हेच्या पाण्याने दोघांना एकाच तऱ्हेचे अंग दिले. काही फाटे होरांनी मानले त्याहून फार जुने ठरले. सिद्धांत मागे पडला, पण त्याने विचारलेला प्रश्न अजून जिवंत आहे, आणि त्याचे उत्तर शोधायला सातपुड्याच्या ओढ्यांतले मासे लागणारच आहेत.

ते ओढे कसे आहेत पाहा. सातपुड्यातून पाणी खाली आले की पायथ्याशी धोंड्या-गोट्यांचा एक जाड पट्टा लागतो. भूगोलात त्याला बझाडा म्हणतात. डोंगराने हजारो वर्षे आणून टाकलेला हा मालमसाला इतका पोकळ आहे, की पावसाळा सरला की ओढा त्यात चक्क जिरतो. वर पाणी खळखळते आहे आणि दोन-तीन किलोमीटर खाली कोरडे पात्र, असा देखावा दिसतो. त्याच्याही खाली पूर्णेचा खारपाणपट्टा. तिथे जाड काळी माती, खारट विहिरी. धोंडा औषधाला मिळायचा नाही. म्हणजे मुल्यासारख्या माशाच्या दृष्टीने पाहिले, तर सातपुड्यातला प्रत्येक ओढा हे एक बेट आहे आणि पूर्णेची सपाटी हा त्याच्याभोवतीचा समुद्र. पुराचे चार दिवस सोडले तर या बेटावरून त्या बेटावर जाणे-येणे बंद. घाटावरही प्रकार तोच. बुलढाण्याच्या पश्चिमेला डोंगरात उगम पावणारी पैनगंगा शेवटी गोदावरीतून बंगालच्या उपसागराला मिळते, आणि घाटाखाली उतरणारी नळगंगा पूर्णा-तापीमार्गे अरबी समुद्राला. एकाच पठारावर पडलेल्या पावसाचे थेंब असे दोन दिशांना जातात. त्यांतले मासेही शेजारी असून एकमेकांना भेटत नाहीत.

गारा मुल्या ही जात म्हणून दुर्मिळ नाही, हे मुद्दाम सांगतो. द्वीपकल्पभर ती आहे. परंतु बेटावरून एखादे कुटुंब उठले, तर दुसऱ्या बेटावरून कोणी येऊन ते घर पुन्हा भरीत नाही. जात जगात शिल्लक राहते, पण तुमच्या ओढ्यातून ती गेली ती गेली. दुर्मिळपणाची ही तऱ्हा कोणत्याही यादीत चढत नाही.

आणि ती कशाने जाते? सुरुंगाची दारू टाकून, ब्लीचिंग पावडर ओतून, विजेची तार सोडून मासे मारणारे लोक सगळीकडे आहेत. दारू आणि विष यांना १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे. एका डोहात एक पुडी ओतली की उन्हाळ्यात तिथे गोळा झालेली अख्खी वस्ती संपते. हे उघड गुन्हे आहेत, त्यांवर अधिक बोलत नाही. पायथ्याशी विंधनविहिरी वाढल्या. जुने लोक सांगतात की पूर्वी फाल्गुनापर्यंत वाहणारा ओढा आता पौषातच बसतो. उतारावरचे जंगल विरळ झाले की पावसाबरोबर माती येते आणि धोंड्यांवर बसते.

याहून अवघड बाब वेगळीच आहे, कारण तिथे दोन्ही पक्ष चांगले आहेत. २०१५ च्या सुमारापासून जलयुक्त शिवारची कामे झाली. मग तलाव-नाले खोल करून निघालेली माती आणि मुरूम महामार्गांच्या भरावाला वापरण्याची पद्धत आली, आणि तिला तर ‘बुलढाणा पॅटर्न’ असे आमच्याच जिल्ह्याचे नाव मिळाले. पाणी अडवण्याला माझा विरोध असण्याचे कारण नाही. टँकरच्या रांगेत हंडा घेऊन उभ्या असलेल्या बाया ज्याने पाहिल्या आहेत, त्याने माशांचे कारण सांगून नाला खोल करू नका म्हणायचे धाडस करू नये. मातीच्या मैदानी नाल्यात, गाळाने भरलेल्या तलावात हे काम उत्तमच. पण तेच यंत्र जेव्हा डोंगराच्या कुशीतल्या धोंड्यांच्या ओढ्यात शिरते आणि धोंडे उचलून पात्र सरळ, सपाट, चरासारखे करून ठेवते, तेव्हा पाणी किती वाढले याचा हिशेब लिहिला जातो आणि काय उणे झाले याचा रकानाच नसतो. माझे मत असे, की बझाड्याच्या वरचा, जंगलातला भाग या कामातून वगळावा. तिथे पाणी मुरवण्याचे काम डोंगर स्वतःच करीत आलेला आहे, आणि आपल्याहून चांगले. काही अभियंता मित्रांना हे पटते; काहींना वाटते की प्राध्यापकाला उद्योग नाही.

आणखी एका पाहुण्याविषयी सावध करतो. शोभेच्या काचपेटीतले शेवाळ साफ करायला दुकानांतून ‘सकर’ नावाचा एक काळा, ठिपक्यांचा, खवल्यांऐवजी हाडांच्या चिलखताचा मासा विकत मिळतो. हा दक्षिण अमेरिकेचा. तोही तोंडाने दगड धरतो, म्हणून पुष्कळजण याला आणि मुल्याला एकच समजतात. दोघांचे काही नाते नाही. पाहुणा हातभर वाढतो, काचपेटीत मावेनासा झाला की लोक दया येऊन त्याला नदीत किंवा तलावात सोडतात, आणि तो तिथे मातीत बिळे करून वंश वाढवतो. सोलापूर-पुण्याकडे उजनीच्या जलाशयात कोळ्यांच्या जाळ्यात तो येऊ लागला आहे; त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात आणि त्याला बाजारात गिऱ्हाईक नाही. घरी असा मासा असेल आणि नकोसा झाला असेल, तर दुकानदाराला परत करा, पण ओढ्यात सोडू नका.

ओळखण्याची खूण सोपी आहे. अंगावर साधी खवले, हनुवटीवर गोल चकती आणि लांबी बोटभर, तर तो आपला. अंग हाताला कठीण, खरखरीत आणि पाठीचा पंख शिडासारखा उभा, तर तो परका.

जळगाव जामोद, संग्रामपूर, मोताळा या भागांतल्या श्रोत्यांना माझी एक विनंती आहे. साइक्सने हे नाव भीमेच्या-मुळेच्या मुलखात ऐकले. आमच्या भागातले भोई, आणि डोंगरातले कोरकू, निहाल, भिलाला लोक याच माशाला काय म्हणतात, हे कुठे लिहिलेले मला आढळले नाही. गावात कुणी जुना मासेमारी करणारा असेल तर त्याला विचारावे, तो सांगेल ते नाव त्याच्या उच्चारात लिहून घ्यावे, शेजारी ओढ्याचे नाव आणि महिना लिहावा, आणि यावेळी सांगणाऱ्याचे नावही लिहायला विसरू नये. मार्गशीर्ष हा त्यासाठी चांगला महिना. पाणी निवळलेले असते आणि खळाळ अजून वाहता असतो.